जादा प्रती

शनिवारी सकाळी सात वाजता आत्याने बैठकीच्या खोलीतला कागदांचा गठ्ठा आवरायला घेतला, तो निव्वळ मायेपोटी. भाची तीन आठवडे त्या काचेच्या टेबलाशी मान मोडून बसत होती. खाली ट्यूब लावलेली, वर कागद, आणि कागदावर नाक टेकेल एवढी वाकलेली पोर. काल संध्याकाळी एकदाची उठली, ‘झालं!’ म्हणाली आणि जेवता जेवताच पेंगायला लागली. उठल्यावर तिला सगळं नीट लावलेलं दिसावं, एवढंच आत्याच्या मनात होतं.

आत्याची तीस वर्षं एका कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये गेली होती. निवृत्त झाली, आणि या परक्या देशात भाच्याकडे येऊन पाच महिने झाले, तरी गठ्ठा दिसला की तिचे हात शिवशिवत.

पहिला कागद बघितला. एक बाई खुर्चीच्या अगदी कडेवर बसलेली. अंगात कोट, मांडीवर पर्स. दुसऱ्या कागदावर तीच बाई, तीच खुर्ची. तिसऱ्यावर तेच. दहाव्यावर तेच. आत्याने चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

“अरे देवा,” ती स्वतःशीच म्हणाली, “पोरीला जमेना की काय!”

एकच चित्र किती वेळा काढलंय बिचारीने! आणि घरात कुणाला एका शब्दाने बोलली नाही. आत्याने पदर खोचला आणि तीस वर्षं जे केलं तेच केलं. एकसारख्या कागदांतला सर्वांत स्वच्छ निवडायचा, तो ठेवायचा, बाकी जादा प्रती बाजूला काढायच्या. कोपऱ्यात बारीक आकडे घातलेलेच होते, त्यामुळे यादी करणं सोपं गेलं. ‘काढून टाकलेले कागद’ असा मथळा, खाली आकडे ओळीने, शेवटी एकूण दोनशे सतरा, तारीख आणि सही. साडेसातला रद्दीची गाडी गल्लीत आली तेव्हा गठ्ठा छातीशी धरून ती स्वतः तीन जिने उतरून गेली.

परत आल्यावर चहा टाकला. असा चहा तिला पाच महिन्यांत लागला नव्हता.

*

भाच्याची बायको, म्हणजे घरातली वहिनी, आत लेकीचे केस विंचरत होती. चार वर्षांचं पिल्लू, दोन मिनिटं एका जागी बसेल तर शपथ. एका हातात फणी, दुसऱ्या हाताने पिल्लूचं मनगट, आणि कान बैठकीकडे, कारण टेबलावर कात्री होती आणि कात्री दिसली की वहिनीचा जीव अर्धा व्हायचा.

“आत्या, इथले कागद?” धाकटीचा, तिच्या नणंदेचा, आवाज आला. अगदी हळू.

वहिनीचा हात थांबला. घरात लहान मूल असलं की आरडाओरड्याचं काही वाटेनासं होतं, धडकी भरते ती हळू आवाजाची. ती पिल्लूला काखेत मारून बाहेर धावली.

“लावून ठेवलेत की. बघ, किती सुटसुटीत झालंय,” आत्या म्हणाली.

“बाकीचे कुठे आहेत?”

“जादाचे ना? रद्दीत दिले. अगं, एकेक चित्र दोनदा-तीनदा काढलं होतंस! त्यातलं सगळ्यांत झकास होतं ते ठेवलंय.”

धाकटी टेबलाशी बसून उरलेले कागद चाळायला लागली. सासूबाईंनी शिलाई मशीन थांबवलं. लोकांचे कपडे आतबाहेर करून देण्याचं त्यांचं काम शनिवारी सकाळीसुद्धा चालू असे.

“काय झालं गं?” सासूबाईंनी विचारलं.

“आई, ते एकच चित्र नव्हतं.” धाकटीचे ओठ हलत होते, आवाज मागून येत होता. “प्रत्येक कागदावर बाई केसभर मागे सरकते. एका सेकंदाला बारा कागद. अर्ध्या मिनिटाला तीनशे साठ. एकेकाचा फोटो काढून भराभर दाखवले की ती हलते. फोटो मी आज काढणार होते, उजेड चांगला असतो म्हणून.”

“म्हणजे ती सगळी… लागणारी होती?” आत्याने हातातला कप खाली ठेवला.

धाकटीने मान डोलावली. संध्याकाळी पाचला अ‍ॅनिमेशन स्टुडिओच्या बाई व्हिडिओ कॉलवर येणार होत्या, हे घरातल्या पिल्लूलासुद्धा माहीत होतं. शिकाऊ म्हणून एकच जागा. अर्ध्या मिनिटाची फिल्म दाखवायची, पसंत पडली तर आत. नाही पडली, तर सोमवारी सकाळी नऊला दादाने ठरवून ठेवलेलं पार्सल ऑफिसचं काउंटर. दादाशी तसा तहच झाला होता: एकदा प्रयत्न कर, मग पुन्हा चित्राचं नाव काढायचं नाही.

दादा डोकं पुसत न्हाणीतून आला. वहिनीने दोन वाक्यांत सांगितलं.

“झालं तर मग,” तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, वहिनीला त्याचंच वाईट वाटलं. “त्या बाईंना फोन करून सांग, जमलं नाही म्हणावं. सोमवारी काउंटर आहेच. मला तर आधीपासून…”

“तू गप रे!” सासूबाई म्हणाल्या.

“मी काय वाईट बोललो?”

“वाईट नाही बोललास, लवकर बोललास. आत्ताशी नऊ वाजतायत.”

आत्याने यादीचा कागद पुढे केला. “ही यादी. सगळे आकडे आहेत. माझी सही आहे खाली. जी काय शिक्षा असेल ती…”

धाकटीने यादी घेतली. वाचली. शेवटची सही बघितली आणि तिला हसूच फुटलं. एकदा सुरू झालं ते थांबेना, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, हसण्याचं किती आणि रडण्याचं किती ते वहिनीला कळेना.

“आत्या, अगं जगात असा चोर झाला नसेल! चोरी केलीस आणि वर पावती दिलीस!”

“चेष्टा करतेस होय गं कार्टे?”

“नाही आत्या. नेमके कुठले गेलेत ते लिहिलंयस तू. मागचा-पुढचा कागद हातात असला की मधला काढता येतो.” ती उठली. “दोनशे सतरा. चारला फोटो काढायला लागायचं. माणसं किती?”

“चार हात माझे आणि तुझ्या वहिनीचे,” सासूबाईंनी मशीनवरचा कोट बाजूला केला. “तुझे दोन.”

“माझे धरू नका,” आत्या म्हणाली. “मला साधी भेंडी काढता येत नाही.”

*

धाकटीचं काम कसं चालतं हे घरात कुणी कधी विचारलं नव्हतं. आज सांगावं लागलं.

ती आधी बाई काढत नसे. आधी डोळे मिटून स्वतः खुर्चीवर बसायची, अंगाचा भार कुठे पडलाय ते शोधायची आणि कागदावर तिथे फक्त एक लाल ठिपका द्यायची. पाय, पाठ, मान सगळं त्या ठिपक्याभोवती नंतर उभं राहायचं. तीनशे साठ कागदांवर तिने पहिल्या आठवड्यात नुसते ठिपकेच काढले होते. वहिनीने तेव्हा ते बघून नवऱ्याला विचारलं होतं, डॉक्टरला दाखवायचं का?

“बाई नवीन घरात आलीय,” धाकटी सांगत होती. “परक्या गावात. कुणीतरी बसा म्हणतं. ती कडेवर बसते, कोटसुद्धा काढत नाही. कुणी ऊठ म्हणालं तर लगेच उठता यावं म्हणून. आणि अर्ध्या मिनिटात, कुणाला कळणार नाही अशी, ती मागे टेकते. बस. एवढीच गोष्ट.”

“ही कसली गोष्ट?” आत्या म्हणाली. “ना पळापळी, ना मारामारी.”

“तुझीच आहे.”

“माझी?”

“मग कुणाची? आल्यावर पहिले पंधरा दिवस तू याच खुर्चीत कडेवर बसायचीस. पर्स मांडीवर.”

“खोटं! मी नाही हो असली बसत.”

“बसायचीस,” सासूबाई आणि वहिनी एकदम म्हणाल्या.

“बरं, आता एकदा तशी बसून दाखव. मला कडेचे ठिपके पुन्हा ताडून बघायचेत,” धाकटी म्हणाली.

आत्याने कोट चढवला, पर्स घेतली आणि कडेवर बसली. धाकटीने पेन्सिल उचलली. दहा सेकंदांत आत्या मागे सरकली होती.

“आत्या!”

“अगं, आपोआप जाते मी मागे. उशी मऊ आहे.”

दुसऱ्यांदा बसली. या वेळी मागे टेकून पायही हलवायला लागली. तिसऱ्यांदा तर पर्स बाजूला ठेवून ‘चहा कोण टाकतंय?’ म्हणाली. सासूबाई हसून हसून भिंतीला टेकल्या. धाकटीने कपाळाला हात लावला. पाच महिन्यांत बाईने कडा पार विसरून टाकली होती. वहिनीने बसून बघितलं, तर पिल्लू मांडीवर येऊन चढलं. सासूबाई बसल्या त्या कपडे द्यायला आलेलं गिऱ्हाईक बसतं तशा, ऐसपैस.

“असं नाही बसत कुणी,” दाराशी बूट घालत असलेला दादा म्हणाला. त्याला एका इमारतीत लिफ्टच्या कामावर जायचं होतं. “सरक गं, आई.”

तो बसला. गुडघे जुळवलेले, टाचा किंचित वर, पाठ आणि खुर्चीच्या पाठीमध्ये एक माणूस मावेल एवढी जागा. हातात हत्यारांची पिशवी होती ती त्याने मांडीवर घेतली आणि दोन्ही हातांनी धरून ठेवली. नजर दाराकडे.

दादाला स्वतःलाच नवल वाटत होतं, अंगाला सगळं कसं आठवतं याचं. आठ वर्षांपूर्वी तो इथे एकटा आला होता. कचेऱ्यांच्या बाकांवर, एजंटांच्या खोल्यांत, घरमालकाच्या स्वयंपाकघरात, मांडीवर फाइल घेऊन तो असाच बसला होता. आपला नंबर पुकारला आणि आपल्याला उठायला उशीर झाला तर? मग एकेक करून त्याने सगळ्यांना आणलं. धाकटीला काउंटर मिळावं म्हणून तीन वेळा तिथल्या साहेबाला भेटला, ते तिने असं कधी कुणापुढे बसू नये म्हणून. हे त्याने घरी कधी सांगितलं नव्हतं. आता सांगायची गरजही राहिली नव्हती, कारण आईने तोंड फिरवून डोळे पुसले होते आणि धाकटी चित्र काढता काढता मान खाली घालून म्हणत होती, “किती वेळ असा बसायचास रे?”

“बोलावेपर्यंत.” त्याने पिशवी खाली ठेवली. “झाले का तुझे ठिपके?”

“कडेवरचे झाले. आता मागे सरकण्याचे.” तिने कागदावर ठिपके घातले, सारख्या अंतरावर.

दादाने वाकून बघितलं. “हे चुकलंय.”

“काय चुकलंय?”

“असे सारखे दिलेस तर बाई सरकत्या दारासारखी जाईल. लिफ्ट बघितलीस कधी? सुटताना हळू सुटते. मग वेग घेते. मजला आला की पुन्हा हळू, इतकी हळू की आतल्या माणसाला कळता कामा नये. पोटात गोळा आला की समज मेकॅनिक कच्चा.” त्याने तिच्या हातातून पेन्सिल घेतली. “सुरुवातीला ठिपके जवळ जवळ. मधे लांब. शेवटी पुन्हा जवळ.”

धाकटी त्याच्याकडे बघतच राहिली. हेच तिला तीन वर्षांत शेकडो कागद फुकट घालवून कळलं होतं, आणि आज घाईत ती तेच विसरली होती.

“हे तू मला तीन वर्षांपूर्वी का नाही सांगितलंस?”

“तू विचारलंस कधी?”

त्याने मोबाइल काढला आणि कामावर कळवलं, की आज यायला जमणार नाही, घरी एक बिघाड आहे.

*

मग जेवणाची वेळ कधी आली आणि गेली कळलं नाही. आत्या कोऱ्या कागदांना पंचिंग मशीनने भोकं पाडत होती. काचेवर दोन खुंट्या चिकटवलेल्या होत्या, भोकं त्यात बसवली की कागद जागचा हलत नसे. या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. दादा यादी बघून आकडा पुकारायचा, ठिपका द्यायचा. धाकटी बाईचं अंग उभं करायची. सासूबाईंकडे कोट.

“तू कापड चुकीचं काढतेस,” त्यांनी लेकीला सुनावलं. “माणूस मागे गेला की चुण्या इथे काखेपाशी येतात. कापड बिचारं ताण असेल तिकडे जातं.”

“मग तूच काढ.”

“काढतेच आहे.”

वहिनीकडे चेहऱ्याची आणि हातांची बाहेरची रेघ होती. पिल्लूला एक बोथट खडू आणि जुनी वर्तमानपत्रं देऊन तिने समोरच बसवलं होतं, आणि दर दोन रेघांनी मान वर करून ती बघत होती: खडू तोंडात गेला का, कात्री उंचावर आहे ना, खिडकीची कडी लावलीय ना. त्यामुळे तिची एक रेघ सरळ येईल तर शपथ. सगळ्या थरथरत होत्या. तिसावा कागद झाल्यावर तिने पेन्सिल खाली ठेवली.

“मला नाही जमत गं. माझ्यामुळे तुझं सगळं जाईल. बघ, कशी कापतेय.”

धाकटीने ते तीस कागद उचलून अंगठ्याने भर्रकन सोडले. कडेवर बसलेली बाई बसल्या जागी कापत होती. बाहेरून स्वस्थ, आणि रेघ मात्र जीव मुठीत धरून बसलेली. तिने पुन्हा सोडले. पुन्हा.

“वहिनी, कडेवरचे सगळे तूच कर, आत्याने ठेवलेलेसुद्धा पुन्हा.”

“वेडी आहेस का?”

“मी तीन आठवडे तिची भीती चेहऱ्यात शोधत होते. कपाळाला आठ्या घातल्या, डोळे मोठे केले, नाटकी दिसायचं. ती इथे होती, रेघेत. मला अशी काढता येणार नाही, माझा हात सवयीने सरळ जातो. तू मुळीच सुधारू नकोस. हां, आणि पिल्लूवर लक्ष ठेव अधूनमधून.”

“ते काय सांगायला पाहिजे?” वहिनी म्हणाली, आणि पेन्सिल उचलली.

मागे टेकतानाचे कागद धाकटीने स्वतःकडे घेतले.

चार वाजता फोटो सुरू झाले. दादाने मोबाइल दोन डब्यांच्या मधे असा बसवला की भूकंप झाला तरी हलणार नाही. पाच वाजायला सहा मिनिटं असताना शेवटचा कागद झाला.

*

स्टुडिओच्या बाई पिकल्या केसांच्या, चष्मा डोक्यावर सरकवलेला. धाकटी इथल्या भाषेत बोलत होती. तिच्या मागे भिंतीला लागून सगळं घर उभं. आत्याला शब्द कळत नव्हते म्हणून ती चेहरा वाचत होती.

बाईंनी फिल्म बघितली. पुन्हा बघितली. आत्याने वहिनीचा हात धरला, आणि वहिनीचा हात आधीच एवढा गार होता की तिनेच सोडून दिला.

“काय म्हणतायत?” सासूबाई कुजबुजल्या.

“विचारतायत, सुरुवातीला रेघ थरथरते आणि नंतर थांबते, हे कसं केलं,” दादाने सांगितलं. आणि मागूनच त्याने धाकटीला खूण केली, सांगू नकोस. एकटीने केलं म्हण.

धाकटीला स्क्रीनच्या कोपऱ्यात खूण दिसली.

“ती रेघ माझी नाही,” ती म्हणाली. मग सगळंच सांगून टाकलं. रद्दीची गाडी, जादा प्रती, लिफ्ट, कोटाच्या चुण्या, वहिनीचा हात. दादाने डोळे मिटून घेतले. संपलं.

स्क्रीनवरच्या बाई पुढे वाकल्या. काहीतरी म्हणाल्या.

“आत्या, ती यादी दाखव,” धाकटी म्हणाली.

“मी? त्यांना?”

“बघायचीय म्हणतायत.”

आत्या पुढे झाली आणि दोन्ही हातांनी यादी कॅमेऱ्यापुढे धरली, साहेबांपुढे धरावी तशी. बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. त्यांचं लक्ष सहीपर्यंत गेलं आणि मग त्या ज्या हसायला लागल्या, चष्माच खाली पडला. चष्मा शोधता शोधता त्या टेबलाखाली गेल्या आणि तिथूनच बोलत राहिल्या. आत्या यादी धरून तशीच उभी.

“काय झालं? रागावल्या का?”

“म्हणतायत,” धाकटीने मागे वळून सांगितलं, “सरळ रेघ सगळेच काढून आणतात. कुणाची रेघ कुठे लावायची हे कळलेली पोर त्यांना हवी आहे. सोमवारी सकाळी नऊला ये म्हणतायत.”

वहिनीने किंकाळी फोडली, पिल्लूने तिची नक्कल केली, सासूबाई लेकीला धरून गोल फिरल्या. आत्या सगळ्यांना विचारत होती की माझ्यामुळे झालं की माझ्यामुळे होता होता राहिलं होतं, आणि कुणी तिला धड उत्तर देत नव्हतं.

दादा खिडकीशी गेला. सोमवारी नऊ एकच होते. त्याने पार्सल ऑफिसच्या साहेबाला फोन लावला.

“हां, नमस्कार. माझी बहीण सोमवारी येणार नाही… नाही नाही, बरी आहे. तिला दुसरं काम लागलं… हो, चांगलं आहे… कसलं म्हणजे?” त्याने वळून धाकटीकडे बघितलं. ती नुसती हसत होती, मदत करायला तयार नव्हती. दादाने डोकं खाजवलं. “माणसं बसतात कशी ते बघते ती… हो, तेच काम… अहो, हसताय काय? सोपं नाहीये ते. आता तुम्ही खुर्चीत कसे बसलाय, सांगा बरं मला.”